मोहरीचा दाणा आणि आकाशगंगा

(आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी होऊन तीस वर्षे झाली. या तीस वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न पगाराचा नाही, परदेशाचाही नाही. तो असा : "तू इंजिनियर, तरी दर रविवारी चर्चला जातेस?" विचारणाऱ्यांत कॉलेजातले होते, ऑफिसातले आहेत आणि आज समोर बसलेल्यांपैकीही चार-पाच जण आहेत. नावे घेत नाही, काळजी नसावी.

शाळेत असताना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. वर्गात ख्रिस्ती मी एकटीच. नाताळच्या सुटीनंतर डबाभर करंज्या आणि केक आणायचे आणि तुम्ही तो मधल्या सुटीच्या आत संपवायचात. तेव्हा आपल्याला विश्व केवढे आहे ते माहीत नव्हते. आता मोबाइलवर रोज दीर्घिकांचे फोटो येतात. त्यामुळे प्रश्नाला धार आली आहे. एवढे अफाट विश्व, आणि त्याचा कुणी निर्माता तुझी रविवारची प्रार्थना ऐकतो, हे तुला खरेच पटते का? संयोजकांनी 'आवडीचा विषय घे' म्हटल्यावर मी हाच घेतला. मला कुणाला काही पटवून द्यायचे नाही. माझा विचार कसा चालतो एवढेच सांगते.

आधी विश्व केवढे ते पाहू. आपल्या मैदानावरच मोजू. झेंड्याच्या खांबापाशी १४ सेंटीमीटर व्यासाचा एक चेंडू ठेवा. हा सूर्य. या मापाने पृथ्वी म्हणजे मोहरीचा एक दाणा, आणि तो ठेवायचा खांबापासून १५ मीटरवर. नेपच्यून साधारण ४५० मीटरवर, म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर बराच पुढे. आता सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा कुठे ठेवायचा? याच मापाने सुमारे ४,००० किलोमीटरवर. मुंबईहून निघालात तर सिंगापूर येईल. मधे काही नाही, फक्त रिकामी जागा. आणि आपली आकाशगंगा? याच मापाने तिचा व्यास साडेनऊ कोटी किलोमीटरच्या घरात जातो. म्हणजे मोहरीएवढी पृथ्वी घेऊनसुद्धा आकाशगंगेची प्रतिकृती खऱ्या पृथ्वीवर मावत नाही. त्या आकाशगंगेत १०० ते ४०० अब्ज तारे आहेत, आणि अशा दीर्घिका अब्जावधी आहेत. शेजारची देवयानी २५ लाख प्रकाशवर्षे दूर. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाचा व्यास सुमारे ९३ अब्ज प्रकाशवर्षे.

हे सगळे कुठेतरी अमेरिकेत मोजले जाते असे समजू नका. नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या, बऱ्याचशा द्राक्षाच्या आणि उसाच्या शेतांच्या शेजारी. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. विज्ञान दिनाच्या निमित्ताने ती लोकांना पाहायला खुली असते, तेव्हा मी मुलीला घेऊन गेले होते. याच दुर्बिणीने टिपलेल्या एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनच्या संदेशाची बातमी २०२३ मध्ये आली. तो संदेश तिथून निघाला तेव्हा आपली पृथ्वी तयारच झालेली नव्हती. ८.८ अब्ज वर्षे प्रवास करून तो जुन्नर तालुक्यात पोहोचला.

मुलीने तिथेच विचारले, "आई, एवढी जागा कशाला लागते?" प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे एक उत्तर विज्ञानाकडे आहे. आपल्या शरीरातला कार्बन, श्वासातला ऑक्सिजन, रक्तातले लोह हे विश्वाच्या आरंभी नव्हते. ते ताऱ्यांच्या पोटात शिजले, तारे फुटले, ती राख पुन्हा एकत्र आली, तिच्यातून नवे तारे आणि ग्रह झाले. या स्वयंपाकाला अब्जावधी वर्षे लागतात. आणि विश्व त्या सगळ्या काळात प्रसरण पावत राहते. म्हणजे प्रश्न विचारणारी एक मुलगी घडायला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात विश्व एवढे मोठे झाले. ही अवाढव्यता म्हणजे निव्वळ उधळपट्टी आहे असे मला तेव्हापासून वाटत नाही. पण यातून देव सिद्ध होतो असेही मी म्हणणार नाही. का म्हणणार नाही, ते एका माणसाच्या गोष्टीने सांगते.

जॉर्ज लमेत्र. जन्म १८९४, बेल्जियममधल्या शार्लरुआ गावी. शिक्षणाची सुरुवात इंजिनियरिंगने, म्हणून मला ते घरचे वाटतात. मधे पहिले महायुद्ध आले, लढायला गेले. परतल्यावर गणित आणि भौतिकशास्त्राकडे वळले आणि त्याच बरोबर धर्मगुरू होण्याचे शिक्षण घेतले. १९२३ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. १९२७ मध्ये या फादरनी आइन्स्टाइनची समीकरणे सोडवून मांडले की विश्व स्थिर नाही, ते पसरते आहे. त्याच वर्षी ब्रुसेल्समध्ये आइन्स्टाइनची गाठ पडली. गणित चुकलेले नाही, पण भौतिकशास्त्र म्हणून हे मुळीच पटत नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. दोन वर्षांनी हबल यांची निरीक्षणे आली आणि दीर्घिका खरोखरच दूर पळताना दिसल्या. आज त्या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे, अशी शिफारस जागतिक खगोलसंघटनेने २०१८ मध्ये केली आहे.

१९३१ मध्ये लमेत्र यांनी पुढचे पाऊल टाकले. विश्व पसरत असेल तर मागे जाता जाता ते एका बिंदूपाशी, एका आदिम अणूपाशी पोहोचेल, असे त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात लिहिले. महास्फोटाच्या कल्पनेचा हा उगम. त्या छोट्या लेखाच्या हस्तलिखितात शेवटी देवाविषयी एक परिच्छेद होता. छापायला देण्यापूर्वी लमेत्र यांनी त्यावर काट मारली.

माझ्या मते त्या माणसाची सगळी ओळख या काटेत आहे. श्रद्धा लपवायची असती तर ते गळ्यात धर्मगुरूची पांढरी पट्टी घालून परिषदांना गेले नसते. पण विज्ञानाच्या लेखात देव हा शेवटचा परिच्छेद म्हणून चिकटवायचा नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. १९५१ मध्ये खुद्द पोप बारावे पायस यांनी भाषणात महास्फोटाचा संबंध निर्मितीच्या श्रद्धेशी जोडला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. पुढच्या वर्षी रोममध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले असता पोपनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही. उतारवयात लमेत्र संगणकाच्या नादी लागले. १९५८ मध्ये त्यांच्या विद्यापीठात आलेल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकावर ते स्वतः प्रोग्रॅम लिहीत. १९६६ मध्ये ते वारले. त्याच्या थोडेच दिवस आधी त्यांना समजले की विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेचा अवशेष अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांना आकाशात सापडला आहे.

आता आपल्या मातीतले नाव घेते. डॉ. जयंत नारळीकर. कोल्हापूरला जन्म, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्यासोबत संशोधन, पुण्याच्या 'आयुका'चे संस्थापक संचालक. आपल्यातल्या किती जणांनी त्यांच्या विज्ञानकथा वाचून विज्ञान शाखा घेतली असेल! गेल्या वर्षी, मे २०२५ मध्ये ते गेले. नारळीकरांनी महास्फोटाची कल्पना शेवटपर्यंत मान्य केली नाही. विश्वाला असा एकच आरंभ नाही, असे त्यांचे मत. आज बहुसंख्य पुरावा महास्फोटाच्या बाजूने आहे. पण क्षणभर समजा, उद्या नारळीकर बरोबर ठरले. मग माझ्या श्रद्धेचे काय होईल?

काहीही होणार नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती पंडिताने लिहून ठेवले आहे की जगाला आरंभ होता हे तर्काने सिद्ध करता येत नाही, आणि जग अनादि असते तरी त्याला निर्माता असू शकला असता. त्याच्या मते निर्मिती म्हणजे फार पूर्वी कुणीतरी बटण दाबणे नव्हे. हे सारे या क्षणी ज्याच्या आधाराने आहे, त्याच्याशी असलेले नाते म्हणजे निर्मिती. समईच्या ज्योतीला तेल लागते ते फक्त पेटवतानाच नाही, ती तेवते आहे तोवर लागते. तसे काहीसे.

यावर माझे ऑफिसातले सहकारी म्हणतात, मग दिसत का नाही तुझा देव? मी त्यांना त्यांच्याच कामातले उदाहरण देते. एखाद्या प्रोग्रॅमच्या लाखभर ओळी वाचल्या तरी लिहिणारी बाई कुठल्याच ओळीत सापडत नाही. शंभरावी ओळ का चालली याचे कारण नव्व्याण्णवाव्या ओळीत असते, आणि ते तिथेच शोधायचे असते. ते सापडले म्हणून प्रोग्रॅम आपोआप लिहिला गेला असे ठरत नाही, आणि एखादे कारण सापडले नाही म्हणून तिथे लिहिणारीचा अदृश्य हात आहे असेही ठरत नाही. हे उदाहरण आहे, पुरावा नव्हे. पुरावा माझ्याकडे असता तर श्रद्धा कशाला लागली असती?

एक गोष्ट सांगायलाच हवी. चर्चने नेहमी लमेत्र यांच्यासारखा समंजसपणा दाखवला असे नाही. १६३३ मध्ये गॅलिलिओला गुडघ्यावर बसवून आपले मत मागे घ्यायला लावले. तो अन्याय होता हे रोमने जाहीरपणे मान्य करायला १९९२ साल उजाडले. आकाशाबद्दलचे प्रश्न धर्मपीठावरून सोडवायला गेले की काय होते, हे आम्ही ख्रिस्ती लोकांनी विसरू नये.

आता 'एवढ्या मोठ्या विश्वात आपण कोण' या मुख्य मुद्द्याकडे येते.

हा प्रश्न दुर्बिणीने निर्माण केलेला नाही. बायबलमधल्या आठव्या स्तोत्राचा कवी चंद्रतारे पाहतो आणि चकित होऊन विचारतो की हे सगळे करणाऱ्याने माणसाची आठवण तरी का ठेवावी. त्याच्याकडे फक्त डोळे होते. तुमच्या घरीही हा विचार आहे. तुमच्याकडच्या सत्यनारायणाला मी किती वेळा आले आहे! गुरुजी संकल्प सोडताना आधी काळाचा केवढा पट उलगडतात : श्वेतवाराह कल्प, मन्वंतर, युग. एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षे. एवढे सगळे सांगून झाले की मग यजमानाचे गोत्र आणि नाव घेतात. कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात शेवटी एका माणसाचे नाव. मला लहानपणी त्याचे फार नवल वाटायचे, आणि प्रसादाचा शिरा येईपर्यंत मी ते लक्ष देऊन ऐकायचे.

एकदा आपल्या ग्रुपवर मी जेम्स वेब दुर्बिणीचे एक छायाचित्र टाकले होते. वाळूचा कण हातभर लांब धरला तर आकाशाचा जेवढा तुकडा झाकला जाईल, तेवढ्यात हजारो दीर्घिका. सगळ्यांनी अंगठे दाखवले. रात्री उशिरा एका मैत्रिणीने मला एकटीला निरोप पाठवला. तिची परवानगी घेऊनच सांगते आहे. चार महिन्यांपूर्वी तिचे यजमान गेले होते. तिने लिहिले होते, "तुम्ही म्हणता ना, देवाला माणसाच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले ठाऊक असतात? हा फोटो बघ आणि सांग, एवढ्या पसाऱ्यात माझ्या माणसाची नोंद कुठे आहे?"

मी लगेच उत्तर दिले नाही. माझे वडील २०२१ मध्ये गेले. दफनभूमीत आम्ही पाच जण होतो, जवळ जायलाही परवानगी नव्हती. त्या दिवशी कुणी मला विश्वाची भव्यता सांगितली असती तर मी त्याच्याकडे पाठ फिरवली असती. दुःखात असलेल्या माणसाला दीर्घिका दाखवू नयेत. म्हणून तिला आधी फोन केला आणि तिला बोलू दिले. तासभर ती यजमानांबद्दलच बोलत होती. ते चहात साखर किती घ्यायचे इथपर्यंत.

नंतर काही दिवसांनी मी जे तिला सांगितले, ते इथे सांगते. आपण म्हणतो, विश्व एवढे मोठे, मग देवाला एका माणसाकडे बघायला वेळ कुठून मिळणार? हे म्हणताना आपण देवाला सर्व्हर समजतो. ग्राहक वाढले की लोड वाढतो, उत्तर यायला वेळ लागतो, शेवटी सर्व्हर बसतो. माझे निम्मे आयुष्य त्यात गेले आहे. पण ज्याची क्षमता मर्यादित, त्याच्यावरच लोड येतो. देव असेल आणि तो अनंत असेल, तर अनंताच्या तुलनेत मोहरीचा दाणा आणि आकाशगंगा यांत फरक उरत नाही. दोन्ही त्याला सारखीच जवळ. विश्व मोठे आहे म्हणून देवाचे आपल्याकडे दुर्लक्ष होईल, हा आक्षेप फक्त लहान देवाला लागू पडतो.

दुसरे असे की मोठे म्हणजे महत्त्वाचे, हा हिशेब मुळात कुणाचा? आमच्या कामात वेळ सेकंदांत साठवतात. एका नोंदीला ६४ बिट, म्हणजे ८ बाइट जागा. विश्वाचे १३.८ अब्ज वर्षांचे वय सेकंदांत मांडले तरी तो आकडा या ८ बाइटमध्ये सहज बसतो. आणि एखाद्या बाळाच्या जन्माची वेळही ८ बाइटच घेते. आकड्यांच्या जगातही मोठेपणाला वेगळी जागा मिळत नाही. घरात तर कधीच मिळत नाही. डोंगर आपल्या मुलापेक्षा मोठा असतो म्हणून कुठली आई डोंगराची जास्त काळजी करते?

ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण मला इथे दिसते. निर्माता महान आहे, हे अनेक धर्म सांगतात. आमची श्रद्धा पुढे म्हणते की तो आला तेव्हा एका लहानशा गावी, गव्हाणीत निजलेले बाळ होऊन आला. स्वर्गाच्या राज्याला उपमा द्यायची वेळ आली तेव्हा येशूने डोंगर किंवा समुद्र घेतला नाही, मोहरीचा दाणा घेतला. मघाशी मैदानावर पृथ्वीसाठी मी मोहरी निवडली ती मापात बसली म्हणून. पण मोजून झाल्यावर मला हे आठवले आणि बरे वाटले.

हे तिला पटले का? "विचार करते," एवढेच ती म्हणाली. तिची श्रद्धा तिची आहे आणि तिचा प्रश्नही. नोंद कुठे आहे हे मी तिला दुर्बिणीतून दाखवू शकत नाही. नोंद आहे असा माझा विश्वास आहे, आणि तो दीर्घिकांची संख्या वाढली म्हणून कमी झालेला नाही.

शेवटी संयोजकांना एक विनंती. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात अशी कल्पना आहे की देव ताऱ्यांची हजेरी घेतो, आणि ती नावाने घेतो. आपल्या बाईही वर्षाच्या पहिल्या आठवड्यात नंबर न घेता नावानेच हजेरी घ्यायच्या, आणि गैरहजर असलेल्याचे नाव दोनदा पुकारायच्या. स्मरणिकेत आपल्या तुकडीची यादी छापली जाणार आहे. आपल्यातले तिघे आता नाहीत. त्यांच्यासाठी काळ्या चौकटीचे वेगळे पान काढू नका. हजेरीपटावर ती नावे ज्या क्रमाने होती, त्याच क्रमाने आपल्या सगळ्यांच्या मधे राहू द्या. पत्त्याची आणि फोनची जागा कोरी राहील, राहू दे.